व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेणारा एआय एजंट: घ्या, पण टूलची डिस्क्रिप्शनं स्वतः लिहा

दादरला आमच्या वहिनीचा मोदक-फराळाचा घरगुती धंदा आहे, ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि सणावाराला उत्तरं द्यायला माणूस पुरत नाही म्हणून अंधेरीच्या एका छोट्या कंपनीची एजंट सर्व्हिस घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे रडगाणं त्यांच्या एकट्याचं नाहीये.

बोलण्यात हा एजंट पोरगा हुशार आहे. "२१ ukdiche havet shanivari parlyala pathval ka" असं कोणी रोमनमध्ये स्पेलिंगची वाट लावून टाकलं तरी बरोबर समजतो, डिलिव्हरीचा पत्ता विचारतो, अहो-जाहो करतो. घोळ होतो तो समजल्यानंतर नेमकं काय करायचं तिथे.

आता थोडं टेक्निकल, पण वाचा. एजंटला आत टूल्स दिलेली असतात, मेसेज पाठवायचं, नंबर शोधायचं, ऑर्डर लिहायचं वगैरे, आणि मॉडेलला, म्हणजे एजंटच्या आतल्या एआयला, टूलचा कोड अजिबात दिसत नाही, त्याला दिसतं टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि काय काय भरायचं त्याची यादी, बास. यांची सर्व्हिस एमसीपीवर चालते, म्हणजे अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेलं, एआयला बाहेरची टूल्स जोडायचं ते ओपन स्टँडर्ड, तिथेही हीच पद्धत. आणि रेडिमेड मिळालेली डिस्क्रिप्शनं काय होती, तर एकाचं "मेसेज पाठवतं", दुसऱ्याचं "ग्राहकांना मेसेज पाठवतं", तिसऱ्याचं "मेसेज पाठवण्यासाठी". पहिलं साधं उत्तर, दुसरं ब्रॉडकास्ट, म्हणजे एकदम अनेकांना, तिसरं टेम्प्लेट, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपकडून आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूर. यातून त्याने ओळखायचं तरी काय? परळच्या एका बाईंनी विचारलं सारण गुळाचं की साखरेचं, तर "गुळाचंच असतं ताई" हे उत्तर त्या दिवशी मेसेज केलेल्या झाडून सगळ्यांना गेलं, पुरुषांनासुद्धा. चकलीची ऑर्डर दिलेल्या एका काकांनी "बरं" असा रिप्लाय पण दिला.

सुदैवाने डॅशबोर्डवर डिस्क्रिप्शन बदलायची सोय आहे, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते याच एका चौकोनात. साध्या उत्तराचं आता असं लिहिलंय: "एकाच ग्राहकाला उत्तर देण्यासाठी. त्याचा शेवटचा मेसेज २४ तासांच्या आतला असेल तरच वापरावं. त्याहून जुना असेल किंवा आपणहून कळवायचं असेल तर हे नाही, टेम्प्लेटवालं टूल. अनेकांना पाठवायला कधीही वापरू नये. नंबर ९१ सकट." मराठीत लिहिलं तरी चालतं. ते २४ तासांचं मी मनाने घातलेलं नाही, व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस एपीआयचाच (धंद्याचं सॉफ्टवेअर व्हॉट्सअ‍ॅपला जोडायची सोय) नियम आहे, त्यानंतर फक्त मंजूर टेम्प्लेट जातं. हे डिस्क्रिप्शनमध्ये नसलं की एजंट साधा मेसेज रेटत बसतो, एरर येते, परत रेटतो. आणि ब्रॉडकास्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये पहिलंच वाक्य टाकलंय, "वहिनीने हो म्हटल्याशिवाय वापरायचं नाही". तरीपण नुसत्या लिहिण्यावर विसंबू नका, तिथे मंजुरीचं बटणही चालू ठेवा.

नंबर शोधायच्या टूलची वेगळीच गंमत. आमच्याकडे जोशी काकू तीन, शिवाजी पार्कच्या, हिंदू कॉलनीतल्या आणि एक आता डोंबिवलीला गेलेल्या. टूल पहिली सापडेल ती काकू उचलायचं. डिस्क्रिप्शनमध्ये "एकापेक्षा जास्त नावं जुळली तर एरिया विचारा, स्वतः निवडू नका" एवढं घातल्यावर डोंबिवलीच्या काकूंना दुसऱ्यांच्या करंज्यांचे निरोप जायचे बंद झाले.

वेळेचंही तसंच. शेड्यूलच्या खान्यात फक्त "वेळ" लिहिलेलं, आत मात्र यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, त्यामुळे "ताजे मोदक तयार आहेत" हा सकाळी ९ चा मेसेज दुपारी अडीचला पोचला, तोवर मोदक संपलेले. खान्याच्या नावाखाली "भारतीय वेळ नाही, यूटीसी, म्हणजे साडेपाच तास वजा करून द्या" असं लिहून भागवलंय, पण खरं तर हा हिशोब मॉडेलवर टाकायलाच नको, टूलनेच भारतीय वेळ घ्यायला हवी. हे कंपनीचं काम आहे, आमचं नाही.

एक गोष्ट मात्र डिस्क्रिप्शनने अर्धीच सुटते. टूल परत "यशस्वी" असं उत्तर देतं, एजंट वहिनीला छातीठोक सांगतो की मेसेज पोचला, प्रत्यक्षात तो फक्त व्हॉट्सअ‍ॅपने स्वीकारलेला असतो, पोचला की नाही हे नंतर वेगळं कळतं. मी "यशस्वी म्हणजे पोचला नव्हे" असं लिहिलंय, पण टूलचं उत्तरच सरळ हवं ना.

टेलिग्रामचं कनेक्शनही फुकटात मिळतं, आम्ही फारसं वापरलं नाही. तिथे बॉट स्वतःहून नवीन माणसाशी बोलणं सुरू करू शकत नाही आणि मेसेजला ४०९६ अक्षरांची मर्यादा आहे, या दोन्ही गोष्टी यांच्या डिस्क्रिप्शनमध्ये नाहीत, तेवढ्या घालून घ्या.

सपोर्टवाला मुलगा चांगला आहे, फोन उचलतो. त्याला म्हटलं, एजंटने कुठल्या मेसेजला कुठलं टूल का निवडलं याचा लॉग, म्हणजे नोंद, द्या, त्याशिवाय डिस्क्रिप्शन सुधारायचं म्हणजे अंधारात चाचपडणं. पुढच्या अपडेटमध्ये देतो म्हणालाय. गणपतीच्या आधी दिला तर रिन्यू करू, नाहीतर वहिनीची वही आहेच, तिने ती अजून माळ्यावर टाकलेली नाही.