कायद्यालाच आव्हान द्यायचंय? कोल्हापूरचं सर्किट बेंच सोलापूरकरांना कितपत सोयीचं

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर भरणारं, पण कायम नसलेलं न्यायपीठ) कोल्हापुरात बसतंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्या हद्दीत येतो. मुंबईची वारी वाचली, हा फायदा निर्विवाद. सांगोला-मिरज रस्त्याने पहाटे निघालं तर रात्री घरी. रेल्वेने कुर्डुवाडीचा वळसा पडतो, त्यापेक्षा गाडी बरी.

एखादा कायदा घटनाबाह्य ठरवणं सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाच्या हातात नाही. चालू दाव्याचा निकाल त्याच प्रश्नावर अडला आणि कायदा अवैध आहे असं न्यायाधीशांचं मत झालं, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 113 खाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवावं लागतं. थेट जायचं तर घटनेच्या अनुच्छेद 226 ची रिट, म्हणजे हायकोर्टातच केलेली याचिका.

अंतर कमी झालं, पण कच्ची रिट इथेही टिकत नाही. ‘हा कायदा यंत्रमागवाल्यांवर अन्याय करतो’ एवढ्याने काही होत नाही. कायदा वैध आहे असं गृहीत धरूनच कोर्ट सुरुवात करतं, उलट सिद्ध करणं तुमच्यावर. घटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे (केंद्र आणि राज्य यांच्यातली विषयांची वाटणी) तो विषय विधिमंडळाच्या अधिकारात होता का? मूलभूत हक्काचा भंग होतो का? की घटनेच्या दुसऱ्या एखाद्या तरतुदीशी विरोध येतो? यातला मुद्दा नेमका मांडा आणि कलमागणिक मांडा. सरसकट ‘अख्खा कायदा रद्द करा’ ही मागणी बहुतेकदा अंगाशी येते, कारण दोषी भाग वेगळा काढता आला तर कोर्ट तेवढाच काढतं. सुप्रीम कोर्टाच्या श्रेया सिंघल निकालात (2015) माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ पूर्ण गेलं, 69अ टिकलं आणि 79(3)(ब) चा अर्थ मर्यादित करून ते ठेवलं गेलं. तीन कलमं, तीन निकाल!

महापालिकेचा नियम किंवा उपविधी असेल तर घटनेपर्यंत जाण्याआधी मूळ अधिनियम काढून वाचा. अधिनियमाने दिलेल्या अधिकाराबाहेर नियम गेला असेल तर तेवढंच पुरतं. हा मुद्दा सोपा असतो आणि नेमका तोच राहून जातो.

राजपत्राची स्वच्छ प्रत आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर आधीच तयार ठेवा. कायद्याला अंतरिम स्थगिती क्वचितच मिळते, तेव्हा पहिल्याच तारखेला स्टे मिळेल असं पक्षकाराला सांगू नका.

सोयीला पाचपैकी चार. एक कापला तो एवढ्यासाठी की हे अजून सर्किट बेंच आहे, कायम खंडपीठ नाही.