फुगवायचा तंबू : लावायला वीस मिनिटं, वाळवायला पाच दिवस

गेल्या दिवाळीत आम्ही हवा भरायचा मोठा तंबू घेतला. आता जून संपत आला. आठ महिन्यांत पाच सहली झाल्या. घेण्याआधी मला दोनच गोष्टी कळायला हव्या होत्या. एक, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला हा तंबू झेपतो का, आणि दोन, आपल्याकडच्या मुरमाच्या जमिनीत तो उभा राहतो का. तेवढं कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहायला बसले.

याला काठ्या नसतात. दुधी भोपळ्याएवढ्या जाड तीन कमानी असतात. वर कापडी खोळ आणि आत ट्यूब, फुटबॉलमध्ये ब्लॅडर असतो तशी. तिन्हींत 7 पीएसआय दाबाने हवा भरायची की तंबू उभा. आत दोन झोपायच्या खोल्या, मध्ये बसायला जागा, आणि उंची एवढी की पाच फूट दहा इंचांचा माझा नवरा उभ्याने पँट बदलू शकतो. जुन्या बुटक्या तंबूत झोपून कपडे बदललेल्यांनाच यातलं सुख कळेल. वजन 24 किलो, भरलेल्या गॅस सिलेंडरपेक्षा पाच-सहा किलो कमी. आमची गाडी सीएनजीची. डिकी टाकीने खाल्लेली, त्यामुळे तंबू मागच्या सीटवर दोन मुलांच्या मध्ये बसतो, तिसऱ्या भावंडासारखा. सीएनजी गाडीवाल्यांनी दुकानात जाण्याआधी टेप घेऊन डिकी मोजावी.

सोबत आलेला पंप दुहेरी आहे, दांडा खाली दाबताना आणि वर ओढतानाही हवा भरतो. पहिल्या वेळी पाऊण तास गेला, आता वीस मिनिटं पुरतात. गाडीच्या टायरचा छोटा इलेक्ट्रिक पंप वापरून पाहिला, तो निरुपयोगी. टायरला 30-35 पीएसआय दाब लागतो पण हवा थोडी. इथे दाब थोडा आणि हवा भरपूर. तो पंप घरघरत राहतो आणि कमान आळसावलेल्या अजगरासारखी पडून असते.

पहिली सहल पवना धरणाकाठी, समोर तुंग किल्ल्याचा सुळका. तिथे बहुतेक लोक तयार तंबूत येतात, त्यामुळे आमचा घोळ बघायला गर्दी जमली. सोबतच्या मेखा म्हणजे वाकवलेल्या जाड तारा. मुरमात दोन इंच गेल्या आणि खालच्या कातळाला लागून इंग्रजी एस झाल्या. संध्याकाळी पाण्यावरून वारा सुटला तेव्हा तणावे अर्धेच बांधलेले. अख्खा तंबू एका बाजूला लवला, माझ्या पोटात गोळा आला, आणि वारा पडल्यावर तो आपणहून सरळ झाला. जुन्या तंबूची फायबरची काठी अशाच वाऱ्यात मोडून तिने कापड फाडलं होतं. इथे मोडायला काही नाहीच.

मेखांवर उतारा सोसायटीचा गणपतीचा मांडव घालणाऱ्या काकांनी दिला. पुण्याच्या बोहरी आळीतून बोटभर जाडीच्या, फूटभर लांब लोखंडी मेखा आणायला लावल्या आणि वर सुनावलं, "मेख सरळ नाही ठोकायची ताई. डोकं तंबूच्या उलट्या बाजूला कललेलं पाहिजे. दोर ओढेल तशी ती आत रुतते." वीस मेखांनी वजन चार-पाच किलोंनी वाढलं, पण त्यानंतर एकही उपटली नाही.

दिवेआगरला मात्र मेखा वाळूत लोण्यातल्या सुरीसारख्या जात होत्या आणि तशाच बाहेर येत होत्या. शेवटी बाजाराच्या पिशव्यांत वाळू भरली, त्यांना दोर बांधले आणि पिशव्या कोपरभर खोल पुरल्या. सावली बघून मी माडाखालची जागा धरली होती. वाडीचे मालक लांबूनच ओरडले, "वर बघा आधी!" वर नारळांचा घड होता. मुकाट्याने सुरूच्या झाडांच्या बाजूला सरकलो.

जानेवारीत तोरण्याच्या पायथ्याला पहाटे चारला नवरा उठून बसला. "तंबू गळतोय." बाहेर आकाश स्वच्छ, चांदण्या लखलखत होत्या. गळत काही नव्हतं. चार माणसांचा रात्रभराचा श्वास गार कापडावर साचून थेंब थेंब पडत होता. थंडी वाजते म्हणून आम्ही झरोके बंद केले होते, हा आमचाच शहाणपणा. आता कितीही गारठा असो, वरचे झरोके उघडे ठेवतो आणि एक पांघरूण जास्त घेतो.

त्याच सहलीत मधली कमान सकाळपर्यंत मऊ पडायला लागली. घरी आल्यावर खोळीची चेन उघडून ट्यूब काढली आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने ती घमेल्यात बुडवून हातभर हातभर पुढे सरकवली, एकही बुडबुडा नाही. मग व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडलं, तर बुडाशी बारीक फेस. हातानेच अर्धा आटा पिळला. "ट्यूब एक नंबर आहे. पाच रुपये द्या." मी तोवर पॅच, गोंद, नवी ट्यूब अशी सगळी यादी करून ठेवली होती.

एप्रिलमधल्या मुळशीबद्दल फार लिहीत नाही. पॉलिस्टरचा तंबू दहानंतर भट्टी होतो. झोपायच्या खोल्यांचं कापड काळोखं आहे, त्यामुळे मुलं साडेआठपर्यंत झोपतात, पुढे उकडूनच बाहेर येतात. एक सावधगिरी मात्र घ्या. पहाटेच्या गारव्यात 7 पीएसआयवर भरलेल्या कमानीचा दाब दुपारी, कापड हाताला चटका देत असताना, 9 च्या वर गेला होता. कमान टणक लागली की थोडी हवा सोडून द्यायची.

आता खरं दुखणं. जूनच्या पहिल्या आठवड्यात काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो, शेंडी गावात एकांच्या अंगणात मुक्काम. काजवे पोटभर पाहिले. रात्री दीडला वळीव कोसळला. आमच्या तंबूच्या कापडावर 3000 मिमी असा आकडा आहे. शेजारच्या काकांना वाटलं वर्षाचा पाऊस. तो आकडा पाण्याच्या स्तंभाच्या उंचीचा असतो : तीन मीटर पाण्याचा दाब येईपर्यंत कापड झिरपत नाही. छतातून खरोखर थेंब आला नाही. दारातली खालची पट्टी मी आडवी पाडून ठेवली होती, तिथून तेवढे दोन तांबे पाणी शिरलं.

सकाळी तंबू ओलाच गुंडाळला. ओला तंबू पिशवीत मावत नाही आणि 24 किलोंचा राहत नाही. घरी कोथरूडला पोचलो तर इथेही झड. गच्चीवर दोन तास उन्हाची उघडीप मिळाली, तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन, गच्ची सामायिक आहे. पार्किंगमध्ये पसरला तर गाड्या अडल्या. मग हॉलमध्ये सोफा उभा केला, खुर्च्यांवर कापड टाकलं, दोन पंखे सोडले. पाच दिवस आम्ही वाकून स्वयंपाकघरात जात होतो. सासूबाई म्हणाल्या, "लग्नाच्या मांडवालाही एवढा राबता नसतो गं." एवढं करूनही शिवणीशी रुपयाएवढी काळी बुरशी आलीच. कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने घासली, वास गेला, डाग आहे.

एका रात्रीसाठी हा तंबू घेऊ नका. लावायचा, काढायचा आणि वाळवायचा व्याप एका रात्रीला सारखाच पडतो आणि दोन-तीन रात्रींनाही, म्हणून आम्ही आता शुक्रवारची रजा टाकूनच निघतो. ज्यांच्याकडे बंगला, ओसरी किंवा गावाकडे घर आहे त्यांनी बिनधास्त घ्यावा. फ्लॅटवाल्यांनी आधी सेक्रेटरींशी बोलून घ्यावं. मी पुन्हा घेईन का? घेईन, पण एकाच झोपायच्या खोलीचा, कारण दोन्ही मुलं रात्री अकराच्या आत आमच्याच खोलीत येतात आणि दुसरीत बॅगा झोपतात.

सध्या तो माळ्यावर आहे, पिशवीत नाही, जुन्या चादरीत सैल बांधून. ऊन पडलं की मी खाली काढून शिवणी हुंगते. परवाच्या रविवारी काढला तर घडीतून मूठभर दिवेआगरची वाळू पडली.