नाशिकच्या कॉलेज रोडची छोटी जाहिरात एजन्सी की मुंबईवाली मोठी? मेडिक्लेम आणि सुट्ट्या

दोन्हीकडे काम करून झालंय म्हणून सांगतो. छोट्या एजन्सीत पगार २१ हजारांच्या आत होता, त्यामुळे ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. आपल्या पगारातून ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५, आणि दवाखाना सातपूरला. लाईन असते, पण आपल्यावर अवलंबून असलेले आईबाबा त्यात बसतात आणि आजारी पडलात तर अटी पूर्ण असल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, हे आमच्या एचआरलाच माहीत नव्हतं!

मोठीकडे ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनीने सगळ्यांचा मिळून काढलेला आरोग्य विमा, कॅशलेस, जुना आजारही पहिल्या दिवसापासून कव्हर. पण आईबाबांचा प्रीमियम आपल्याच खिशातून, आणि नोकरी सुटली की कव्हर गेलं, हे डोक्यात ठेवा.

सुट्ट्यांचं म्हणाल तर वीस किंवा जास्त माणसं असतील तिथे (२०२५ च्या बदलाआधी दहा) महाराष्ट्रातल्या कायद्याने वर्षाला ८ कॅज्युअल, ८ सणांच्या, शिवाय कामाचे २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक पगारी रजा, या रजा साठवता येतात ४५ पर्यंत. मोठीकडे कागदावर याहून जास्त होत्या, घेता किती आल्या ते विचारू नका, दिवाळी कॅम्पेनमध्ये क्लायंटचा फोन लक्ष्मीपूजनालाही यायचा. छोटीकडे सर नुसतं "जा रे" म्हणायचे. आईबाबा नाशकात असतील तर मी छोटीच घेईन.