पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 ला घरी बसवायचा रोलबार: बार चोख, भोकं जपून

माझदाची एमएक्स-5 ही दुमडत्या टपाची (छताची) गाडी, अमेरिकेत तिलाच मियाटा म्हणतात. तिच्या पहिल्या पिढीसाठी (1989 ते 1997) अमेरिकेत हार्ड डॉग आणि ब्रिटनमध्ये टीआर लेन यांचे बोल्टने बसणारे रोलबार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची नळीची कमान, मिळतात. वेल्डिंग लागत नाही. हात सरावलेले असतील तर दोघांचं एका दिवसाचं काम, नाहीतर शनिवार-रविवार मोकळा ठेवा. मात्र दिसायला असाच असणारा चकचकीत 'स्टाइल बार' घेऊ नका. तो शोभेचा. गाडी उलटली तर वजन पेलण्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

खऱ्या बारची नळी साधारण पावणेदोन इंच व्यासाची असते, मधे तिरका दांडा आणि मागे दोन टेकू. गाडीचं वजन 15-20 किलोंनी वाढतं.

निम्मा वेळ आतलं सामान काढण्यातच जातो. आधी डिकीत उजव्या कोपऱ्यातली बॅटरी सोडवा, 10 चा पाना. मग सीट: प्रत्येकी चार बोल्ट, 14 चा पाना. हेडरेस्टमध्ये स्पीकर असतील तर सीटखालचा कनेक्टर आधी सोडवा, नाहीतर सीट उचलताना वायर तुटते. सीटबेल्टच्या टॉवरवरची (सीटमागे बेल्ट अडकवलेल्या उभ्या खांबांवरची) प्लॅस्टिकची आवरणं तीस वर्षांची आहेत. थंडीत ओढलीत की कान तुटलाच. हेअर ड्रायरने कोमट करून काढा.

गालिचा निघाल्यावर एक काम उरकून घ्या, त्याचा रोलबारशी संबंध नसला तरी. टॉवरच्या मागे, तळाशी टपाच्या पाण्याचे निचऱ्याचे मार्ग असतात. ते पानांच्या कचऱ्याने तुंबले की पाणी आत साचतं आणि दाराखालच्या उंबरठ्याचा पत्रा आतून सडतो. इतकी मोकळी जागा पुन्हा मिळणार नाही.

आता भोकं. सीटच्या मागच्या फळीखाली पेट्रोलची टाकी आहे, आणि तिची भरायची नळी गाडीच्या डाव्या अंगाने वर येते. म्हणून ड्रिलच्या बिटावर लाकडाचा ठोकळा ओवा आणि टोक जेमतेम 10-12 मिमी बाहेर ठेवा. पत्रा फुटल्याबरोबर हात पुढे जातो, तेव्हा ठोकळाच वाचवतो. प्रत्येक ठिकाणी आधी खालून हात घालून वायर, ब्रेकची नळी, टाकी काय आहे ते चाचपा. मागच्या टेकूंसाठी चाकं काढून, गाडी स्टँडवर ठेवून चाकाच्या कमानीच्या आतूनही पाहावं लागतं. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका.

सगळी भोकं एकदम पाडण्याची घाई नडते. बार जागेवर बसवा, दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा, एका पायाची भोकं पाडून बोल्ट सैल अडकवा, मगच पुढचा पाय. एक पाय आधीच आवळला तर बार किंचित ओढला जातो आणि उरलेली भोकं दोन-तीन मिमीने चुकतात. मग लोक कानशीने भोक लांबट करतात, आणि पकड तिथेच गेली. आधी 3 मिमीचं भोक, मग पायरीचं, म्हणजे टप्प्याटप्प्याने जाड होत जाणारं बिट. कापलेल्या कडांना प्राइमर लावा, चुरा व्हॅक्यूमने काढा. राहिलेला चुरा पहिल्या पावसात गंजतो.

किटमध्ये पत्र्याच्या पलीकडून बोल्टखाली लावायच्या जाड पाट्या येतात, त्या अडचणीच्या जागी बसतात म्हणून वगळू नका. गाडीचा पत्रा पातळ. नुसत्या वॉशरवर जोर आला तर बोल्ट पत्रा फाडून वर येईल, बार कितीही भक्कम असो. आत नायलॉनची कडी असलेले नट दुसऱ्यांदा वापरू नका. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, कारण पायाखालचा रंगाचा थर दबतो आणि ताण उतरतो. वळणावर मागून येणारी टकटक बहुधा यामुळेच.

नळीवर एसएफआय 45.1 दर्जाचं (एसएफआय ही शर्यतींच्या सुरक्षासामानाचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था) कडक पॅडिंग हवंच. पाण्याच्या पाइपवरचा मऊ फोम डोकं आपटताना पूर्ण दबतो. ट्रॅकवर नेणार असाल तर बारच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीपर्यंत काठी ठेवा, हेल्मेट तिच्याखाली राहिलं पाहिजे. उंच माणसाला सीटमधला फोम कापावा लागतो. सीट मागेही थोडी कमीच जाते.

रोजच्या वापरातली खरी कुरकुर टपाची. मागची प्लॅस्टिकची खिडकी आधी चेन उघडून आडवी करायची, मग टप पाडायचा. बार आल्यावर तिरक्या दांड्याआडून हात घालून ही चेन ओढावी लागते. कंटाळा करून तसाच टप दुमडलात तर खिडकीला घडी पडते, आणि थंडीत तिथेच तडकते. चेनवर थोडं मेण घासून ठेवा.