सोयाबीन ते हरभरा : जिवाणू खतं आठ महिने वापरून

जूनमध्ये सोयाबीनच्या बियाण्याला, ऑक्टोबरअखेर हरभऱ्याला रायझोबियम लावलं, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र (नायट्रोजन) पकडणारे जिवाणू, आणि दोन्ही वेळा सोबत पीएसबी म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू. शिवार लातूर जिल्ह्यातलं, काळी जमीन, खाली चुनखड. युरिया फेकला की आठवड्यात रान हिरवंगार होतं, तसं यात काहीच दिसत नाही. पहिला महिना तर आपण जिवाणू चिकटवायचं गुळाचं पाणी वाया घालवलं असंच वाटत राहतं.

पहिला घोळ माझाच. घन खताचं 250 ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला पुरतं. मी गुळाचं पाणी सढळ हाताने ओतलं आणि ताडपत्रीवर बियाणं चांगलं चोळलं. सोयाबीनचं टरफल म्हणजे पापुद्रा, ओलं झालं की सुरकुततं आणि सुटून येतं. त्या पिशवीची उगवण इतकी विरळ झाली की चार तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, नांगे (रिकाम्या जागा) भरावे लागले. आता द्रवरूपच घेतो, दहा किलोला 100 मिली. हलक्या हाताने खालीवर करायचं, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी.

सोयाबीनचा निकाल सांगायला मला जड जातं. बांधाकडची सहा तासं मुद्दाम जिवाणू न लावता पेरली होती. पस्तिसाव्या दिवशी दोन्हीकडची रोपं खुरप्याने मातीसकट उपटली, मुळं बादलीत धुतली. गाठी दोन्हीकडे! लावलेल्या रोपांना थोड्या जास्त, पण मळणीला फरक काही नजरेत भरला नाही. विचार केल्यावर कारण कळलं. त्या रानात पंधरा वर्षं सोयाबीनच आहे, सोयाबीनला लागणारं ब्रॅडीरायझोबियम मातीत आधीच ठाण मांडून बसलेलं. भरल्या घरात पाहुणा आला, एवढंच.

हरभऱ्याला मात्र मजा आली. तो तुकडा सात-आठ वर्षं उसाखाली होता, हरभरा तिथे कधी झालाच नव्हता. न लावलेल्या तासांत दहा रोपं उपटली तर सहांना एकही गाठ नाही. लावलेल्यांच्या सोटमुळावर मात्र गाठींचे झुबके. नखाने फोडून पाहिल्या, आतून गुलाबी. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. जिवाणू ज्या विकराने (एन्झाइमने) हवेतला नत्र पकडतात ते ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून गाठीत हे लाल द्रव्य ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि जिवाणूंना श्वासापुरताच देतं. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती गाठ कामाची नाही. न लावलेली तासं डिसेंबरात पिवळट दिसू लागली, तेवढं रस्त्यावरूनही कळत होतं. उताऱ्याचा आकडा मात्र माझ्याकडे नाही, कारण खळ्यावर मजुरांनी दोन्ही ढीग एकत्र केले. मी जेवायला गेलो होतो.

याच हरभऱ्याच्या वेळी दुकानाने घोळ घातला असता. गावाजवळच्या दुकानदाराने काचेला टेकवून उन्हात ठेवलेलं पाकीट पुढे केलं. तारीख बाकी होती, पण हात लावला तर गरम. वर छापलेलं, ‘सर्व शेंगवर्गीय पिकांसाठी’. सोयाबीनचे जिवाणू हरभऱ्याच्या मुळात गाठ करत नाहीत, त्याला मेसोरायझोबियम लागतं. आणि घन खतात ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत पेशी हव्यात असा नियम आहे, त्या उन्हात किती उरल्या असतील? विरजण चुलीवर ठेवून कोणी दही लावतं का? ते पाकीट तिथेच ठेवलं आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातून आणवलं.

युरियाचंही सांगायला हवं. गाठीतल्या जिवाणूंना झाड आपल्या पानात बनवलेली साखर पुरवतं, फुकटात काही नाही. मातीत आयता नत्र मिळाला तर झाड हा खर्च करतच नाही, गाठी कमी धरतात. मी पेरताना डीएपी या नत्र-स्फुरदाच्या रासायनिक खतातून जो नत्र गेला तेवढ्यावर थांबलो. शेजारचे काका रोज हसायचे. ब्राझीलमध्ये लाखो हेक्टर सोयाबीन जिवाणूंच्या भरवशावर, जवळपास युरियाविना निघतं, हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘तिथला पाऊसच वेगळा.’

पीएसबीबद्दल छातीठोकपणे बोलता येणार नाही. आमच्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो, हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून तो मोकळा करतात, इथपर्यंत पटतं. म्हणून एका एकरात डीएपी पोत्याऐवजी पाऊण पोतं टाकलं. पिकात फरक दिसला नाही. ते श्रेय पीएसबीचं की आधीच्या वर्षांच्या साठलेल्या स्फुरदाचं, माती तपासल्याशिवाय कसं सांगू? पण 1,350 च्या पोत्यातलं पाव पोतं वाचलं, आणि बाटलीला मजुरांच्या चहाइतकेच पैसे गेले.

या जूनमध्ये जुन्या सोयाबीनच्या रानात रायझोबियम एक वर्ष सोडून बघणार आहे. उसातून निघालेला दुसरा तुकडा सोयाबीनला आहे, तिथे मात्र लावणारच. बाटल्या फ्रिजच्या दारात ठेवल्यात, आईने त्यावर ‘हे ताक नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.