ब्रँडीवाइनकाठचा दारूखाना : हॅगली संग्रहालय कसे पाहावे

न्यू जर्सी, फिलाडेल्फिया किंवा बाल्टिमोरच्या बाजूने डेलावेअरकडे येणारी मराठी कुटुंबे बहुधा लाँगवुड गार्डन्स पाहतात, नाताळच्या दिवसांत तिथली रोषणाई बघून खूश होतात आणि माघारी वळतात. तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, विल्मिंग्टन शहराच्या उत्तरेला ब्रँडीवाइन नदीच्या काठी, हॅगली म्युझियम अँड लायब्ररी नावाचे 235 एकरांचे संग्रहालय आहे आणि माझ्या मते या परिसरात पूर्ण दिवस द्यावा अशी ती पहिली जागा आहे. ड्यू पाँ उद्योगसमूहाचे जन्मस्थान ही हॅगलीची रूढ ओळख आहे. ती खोटी नाही, पण त्या ओळखीवर विसंबून गेलेला पाहुणा श्रीमंत घराण्याचे दिवाणखाने, फर्निचर आणि बाग बघून परततो. एका नदीच्या उताराने काठावर गिरण्या कशा आणल्या आणि त्या गिरण्यांनी आपल्याभोवती गावे कशी वसवली, हे समजून घ्यायला जो जातो त्याच्या पदरात कितीतरी अधिक पडते. हे परीक्षण त्या दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यासाठी आहे.

प्रवेश ज्या इमारतीतून होतो तिथेच थोडे रेंगाळावे. हेन्री क्ले मिल ही 1814 साली सूतगिरणी म्हणून बांधलेली दगडी इमारत आहे. पुढे 1884 मध्ये ती कंपनीने दारूची पिंपे बनवण्यासाठी वापरात आणली आणि आज तिथे स्वागतकक्ष व प्रदर्शने आहेत. दारू म्हणजे अर्थात बंदुकीची. नदीच्या नावावरून कोणी भलता समज करून घेऊ नये. ब्रँडीवाइन पेनसिल्व्हेनियातून येते आणि विल्मिंग्टनला क्रिस्टिना नदीला मिळण्यापूर्वीच्या शेवटच्या काही मैलांत शंभर फुटांहून अधिक खाली उतरते. तिची सगळी करामत या उतारात आहे. वाफेची यंत्रे सर्वत्र पोहोचण्याआधी पडत्या पाण्याइतका स्वस्त चाकर दुसरा नव्हता, आणि इथे तर खालच्या टोकाला भरतीचे पाणी आणि जहाजांचा धक्काही होता. त्यामुळे अठराव्या शतकातच या काठाला पिठाच्या गिरण्या लागल्या. जोशुआ आणि थॉमस गिल्पिन या भावांनी 1787 मध्ये कागदाची गिरणी काढली आणि 1817 मध्ये त्याच गिरणीत अमेरिकेतला पहिला यंत्राने तयार झालेला अखंड कागद निघाला. ड्यू पाँ आले तेव्हा काठ ओसाड मुळीच नव्हता. त्यांनी 1802 मध्ये घेतलेली जमीनही जेकब ब्रूम यांची होती. हे ब्रूम अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही करणाऱ्यांपैकी एक, आणि त्या जमिनीवरची त्यांची सूतगिरणी आधीच आगीत जळालेली होती.

एल्युथेर इरेने ड्यू पाँ फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांच्या हाताखाली सरकारी दारूच्या कारखान्यात शिकले होते. अमेरिकेत मिळणारी दारू त्यांना फारच निकृष्ट वाटली, आणि तिथून या उद्योगाचा विचार सुरू झाला. ब्रँडीवाइनकाठी त्यांना पाणी मिळाले, कोळशासाठी विलोची झाडे मिळाली, बांधकामासाठी कठीण निळसर दगड मिळाला आणि बंदरही जवळ होते. 1804 मध्ये इथली दारू विक्रीला आली. पुढे 1813 मध्ये प्रवाहाच्या खालच्या बाजूची हॅगली नावाची जागा विकत घेऊन कारखाना वाढवला गेला, आणि संग्रहालयाचे नाव त्या जागेवरून आले आहे.

आता मूळ कारखान्याकडे, म्हणजे पावडर यार्डकडे. नदीला समांतर एक पाट काढलेला आहे, त्यावर दोन्ही बाजूंनी झाडांची दाट सावली आहे, आणि पाट व नदी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकामागून एक दगडी गिरण्या उभ्या आहेत. प्रत्येक गिरणीला तीन बाजूंनी अतिशय जाड भिंती आहेत. नदीकडची चौथी बाजू आणि छप्पर मात्र मुद्दाम हलके, लाकडी असे. स्फोट होणार हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे : झालाच तर त्याचा जोर नदीवर निघून जावा आणि शेजारची गिरणी वाचावी. या भिंतींजवळ उभे राहून नदीकडे पाहिले की कारखान्याचा सगळा हिशेब समोर येतो, आणि त्या हिशेबात आतला माणूस कोणत्या बाजूला होता तेही लक्षात येते.

सोरा (पोटॅशियम नायट्रेट) शुद्ध करणे, गंधक आणि कोळसा दळणे, तिन्ही एकत्र करणे, लाटणे, दाबून वड्या करणे, त्या फोडून दाणे पाडणे, दाण्यांना चकाकी देणे, वाळवणे आणि भरणे, अशी दारू तयार होण्याची साखळी होती. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी वेगळ्या इमारतीत आणि शेजाऱ्यापासून अंतर राखून होई, म्हणून कारखाना असा नदीकाठाने लांबच लांब पसरलेला आहे. त्यातली लाटण्याची गिरणी आज पाण्यावर चालवून दाखवतात आणि ते प्रात्यक्षिक कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. दार उचलले की पाटाचे पाणी खाली टर्बाइनवर पडते, क्षणभर काहीच होत नाही, मग दातेरी चाके कुरकुरतात आणि सुमारे आठ-आठ टन वजनाची दोन लोखंडी चाके गोल पात्रात एकमेकांमागे हळूहळू फिरू लागतात. पात्र अर्थातच रिकामे असते. त्या काळी त्यात ओलसर मिश्रण घालून ते तासन् तास रगडत, आणि एकदा माल भरला की कामगार बाहेर येऊन पाण्याचे दार बाहेरूनच सांभाळी. खिशात लोखंडाची वस्तू नको, आगपेटी तर नकोच, बुटांना खिळ्यांऐवजी लाकडी मेखा, हे सगळे निदर्शक शांतपणे सांगतात. पुढे दारूची ताकद मोजण्याचे छोटे उपकरण उडवून दाखवले जाते. मुलांना तो आवाज दिवसभर पुरतो.

भारतीय पाहुण्याने सोऱ्यापाशी थांबावे, असे मी आग्रहाने सांगेन. काळ्या दारूत वजनाने साधारण तीन चतुर्थांश सोरा असतो, उरलेला भाग कोळसा आणि गंधक. हा सोरा प्रामुख्याने भारतातून येई. बिहारमध्ये नोनिया समाजाचे लोक गावालगतची क्षारयुक्त माती खरवडून, ती पाण्यात भिजवून आणि ते पाणी आटवून कच्चा सोरा काढत. तो पाटण्याच्या व्यापाऱ्यांकडून कलकत्त्याला आणि तिथून जहाजाने जगभर जाई. म्हणजे ब्रँडीवाइनच्या या भिंतींमधली प्रत्येक गिरणी गंगेच्या खोऱ्यातल्या मातीवर अवलंबून होती. हे अवलंबन किती नाजूक होते, ते अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात दिसले. 1861 मध्ये लॅमट ड्यू पाँ अमेरिकी सरकारतर्फे इंग्लंडमध्ये सोऱ्याची मोठी खरेदी करत असताना ट्रेंट या ब्रिटिश जहाजावरून उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेचे दूत पकडल्याचे प्रकरण पेटले, ब्रिटिशांनी निर्यात अडवून धरली, आणि त्या दूतांची सुटका होऊन वाद मिटल्यावरच माल हलला. याच लॅमट यांनी 1857 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सोडियम नायट्रेटपासून सुरुंगाची दारू करण्याचे पेटंट घेतले होते. ती खाणी आणि रेल्वेमार्ग फोडायला चालत असे, पण ओलावा शोषून घेत असल्यामुळे बंदुकीसाठी भारतीय सोऱ्यावाचून गत्यंतर नव्हते. निदर्शकाला प्रश्न विचारायचा तर याबद्दल विचारावा.

यार्डमधून वर टेकडीवर गेले की संग्रहालयाचा माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग येतो : कामगारांची वस्ती. कामगारांत आयरिश स्थलांतरित पुष्कळ होते. आयर्लंडमधल्या नातेवाइकाच्या प्रवासभाड्याचे पैसे कंपनी आगाऊ देई आणि पगारातून ते कापून घेई, त्यामुळे एकामागोमाग एक आख्खी कुटुंबे या काठावर आली. कॅथलिकांसाठी 1841 मध्ये जवळच सेंट जोसेफ चर्च उभे राहिले. टेकडीवरचे गिबन्स हाउस हे मुकादमाचे घर आहे. चुलीची खोली, मोजकी भांडी, अंगणातला भाजीचा वाफा यांवरून एका बऱ्यापैकी पगाराच्या माणसाचे राहणीमान कळते, आणि साध्या मजुराचे त्याहून किती खालचे असेल याचा अंदाज आपला आपण करायचा. कितीतरी घरांत एकट्या पुरुषांना पैसे घेऊन जेवूखाऊ घालत आणि झोपायला जागा देत. परळ-लालबागच्या खाणावळी ज्यांनी पाहिल्या किंवा ऐकल्या आहेत, त्यांना हा व्यवहार आणि त्यामागची बाईची मेहनत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. स्फोटात नवरा गमावलेल्या विधवेला कंपनी निवृत्तिवेतन आणि राहायला घर देई. त्या घरात भाडेकरू ठेवून ती संसार चालवी. यात मालकाचा चांगुलपणा होता, तसा व्यवहारही होता, कारण असल्या जोखमीच्या कामाला माणसे टिकवायची तर मागे राहणाऱ्यांची काही सोय करणे भाग होते.

जवळच रविवारच्या शाळेची 1817 सालची छोटी इमारत आहे. ही शाळा निव्वळ धर्मशिक्षणाची नव्हती. आठवड्याचे सहा दिवस सूत आणि लोकरीच्या गिरण्यांत राबणारी मुले सातव्या दिवशी इथे वाचणे, लिहिणे आणि हिशेब शिकत, आणि डेलावेअरमध्ये सार्वजनिक शाळांचा कायदा झाला तो त्यानंतर बारा वर्षांनी, 1829 मध्ये. एल्युथेर इरेने यांची मुलगी व्हिक्टोरिन यांनी ही शाळा अनेक वर्षे सांभाळली. बाकांवर बसून टाकाने लिहून पाहण्याचा कार्यक्रम असला तर मुलांना तिथे जरूर बसवावे.

1802 ते 1921 या काळात या कारखान्यात 288 स्फोट झाले आणि त्यांत 228 माणसे गेली. 1818 च्या एकाच दुर्घटनेत तीसहून अधिक मृत्यू झाले. 1857 मध्ये मालकांपैकी अलेक्सिस ड्यू पाँ हेही असेच गेले. हे आकडे फलकांवर वाचून पुढे सरकू नये. गिरण्यांच्या भिंती पाहिल्यानंतर त्यांचा अर्थ वेगळा लागतो.

मालकांचे घर, म्हणजे एल्युथेरियन मिल्स, नदीच्या वरच्या अंगाला आहे आणि तिथे संग्रहालयाच्या बसने जाता येते. 1803 मध्ये बांधलेले हे घर कारखान्यावर नजर राहील अशा उंचवट्यावर आहे, ही गोष्ट आतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा बोलकी आहे. 1890 च्या स्फोटात त्याचे इतके नुकसान झाले की कुटुंबाने ते सोडले. आतली मांडणी नंतरच्या पिढ्यांच्या आवडीची आहे. फ्रेंच पद्धतीची बाग वसंतात सुंदर दिसते. फर्निचरची हौस नसेल तर अर्धा तास पुरे.

पाहण्याचा क्रम कसा असावा, यावर माझे मत ठाम आहे. आधी हेन्री क्ले मिलमधली प्रदर्शने, मग टेकडीवरची वस्ती, मग यार्ड आणि सर्वांत शेवटी मालकांचे घर. कामगाराच्या स्वयंपाकघरातून निघून मालकाच्या दिवाणखान्यात पोहोचले तर दोन्ही नीट कळतात. उलट क्रमाने गेल्यास टेकडी चढायच्या वेळी पाय थकलेले असतात आणि मुलांना भूक लागलेली असते. भारतातून आलेल्या आईवडिलांना सोबत नेणार असाल तर बस ठिकठिकाणी नेते खरी, पण वस्तीकडचा चढ आणि यार्डमधले अंतर ध्यानात घेऊन चांगले बूट घालून न्यावे. नदीकाठची वाट सपाट आहे आणि जागोजागी सावली आहे. प्रात्यक्षिकांच्या वेळा त्या दिवशी आल्याबरोबर विचारून घ्याव्यात आणि बाकीचा दिवस त्यांच्याभोवती आखावा.

एक मर्यादा मात्र आधीच माहीत असलेली बरी, आणि ती संग्रहालयाची नसून काळाची आहे. 1921 मध्ये कारखाना बंद झाला आणि स्क्विरल रन, हेन्री क्ले यांसारख्या वस्त्यांतली बहुतेक घरे आज उभी नाहीत. जे उरले ते टेकडीवरचे मोजके नमुने आहेत, आणि त्यांवरून पुरे गाव मनात उभे करण्याचे काम पाहुण्याचे आहे. ज्यांना त्यापुढे जायचे आहे त्यांच्यासाठी संग्रहालयाचे ग्रंथालय आहे. कंपनीचे हिशेब, पत्रव्यवहार आणि छायाचित्रे यांचा तिथला साठा अमेरिकेच्या उद्योग-इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे.

तसेच, हॅगली म्हणजे सगळी ब्रँडीवाइन नव्हे. पिठाच्या गिरण्यांची कथा ऐकायची तर प्रवाहाबरोबर खाली विल्मिंग्टन शहरातल्या ब्रँडीवाइन व्हिलेजमध्ये जावे. टॅटनॉल, ली अशा क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या गिरणीमालकांची दगडी घरे मार्केट स्ट्रीटवर आजही आहेत, आणि जहाजे जवळजवळ त्यांच्या गिरण्यांच्या दारापर्यंत येत असत. डेलावेअरच्याच ऑलिव्हर इव्हान्स यांनी धान्य वर चढवण्यापासून पीठ गार करण्यापर्यंतची कामे आपोआप करणारी जी गिरणी योजली आणि 1790 मध्ये जिचे पेटंट घेतले, ती इथल्या गिरणीवाल्यांनी आधी नाकारली आणि नंतर निमूटपणे स्वीकारली. प्रवाहाच्या वरच्या बाजूला, पेनसिल्व्हेनियातल्या चॅड्स फोर्डला, 1864 सालच्या पिठाच्या गिरणीत 1971 पासून चित्रसंग्रहालय आहे. त्याच परिसरात 11 सप्टेंबर 1777 रोजी ब्रँडीवाइनची लढाई झाली. दोन दिवस हाताशी असतील तर पहिला पूर्ण दिवस हॅगलीला द्यावा, दुसऱ्या दिवशी सकाळी चॅड्स फोर्ड आणि दुपारी ब्रँडीवाइन व्हिलेज करावे. एकच दिवस असेल तर लाँगवुड पुढच्या खेपेसाठी राखून ठेवावे.