पाय उचलणारा घोडा : पाठीवरून सुधारावा की जमिनीवरून?

दत्तजयंतीच्या सुमारास खानदेशातील सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा आणलेल्या मालकाला पुढे अनेकदा एकाच अडचणीला तोंड द्यावे लागते. खोगीर चढवून शिकवणी सुरू केली की घोडा मध्येच थबकतो, मान वर घेतो आणि पुढचे दोन्ही पाय उचलून मागच्या पायांवर उभा राहतो. अशा वेळी तीन सल्ले मिळतात. कसलेल्या स्वाराने पाठीवर बसूनच खोड मोडावी, हा पहिला. खोगीर उतरवून म्होरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी) आणि दोर यांवर जमिनीवरून नव्याने शिकवावे, हा दुसरा. आणि कडक कडियाळी (लगामाला जोडलेली, घोड्याच्या तोंडात बसणारी धातूची दांडी) घालून घोडा दाबात ठेवावा, हा तिसरा. खरी निवड पहिल्या दोन मार्गांतच आहे आणि बहुतेक मालकांनी दुसरा मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून घोड्याचे तोंड, पाठ आणि खूर तपासून घेणे आवश्यक आहे. ज्या वयात आपण घोड्यावर खोगीर चढवतो, त्याच वयात, म्हणजे साधारण अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान, त्याचे दुधाचे दात पडून कायमचे दात येत असतात. काही घोड्यांना वरच्या दाढांच्या पुढे एक लहानसा जादा दात असतो आणि कडियाळी नेमकी त्याच्यावर आपटते. दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला आतून कापत असतील, तर लगाम किंचित ओढला तरी कळ मस्तकात जाते. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. त्यामुळे हरभऱ्याचा भरपूर खुराक दोन वेळा द्यायचा आणि मधले तास दावणीला उपाशी उभे करायचे, ही आपल्याकडची पद्धत पोटात व्रण निर्माण करू शकते, आणि असा घोडा तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताच चिडतो. दुखणे कायम ठेवून केलेली कोणतीही शिकवणी टिकत नाही, हे दोन्ही मार्गांना सारखेच लागू आहे.

घोडा मागच्या पायांवर उभा राहतो कसा, हे समजले की दोन्ही मार्गांचे मर्म कळते. त्यासाठी त्याला आधी पुढे जाणे थांबवावे लागते, अंग सरळ ठेवावे लागते आणि सगळा भार मागच्या पायांवर घ्यावा लागतो. जो घोडा मोकळेपणाने पुढे चालत आहे किंवा ज्याचे अंग बाजूला वळलेले असून मागचा एक पाय दुसऱ्याला ओलांडत आहे, त्याला उभे राहणे फार अवघड जाते. निरोगी घोड्यात या खोडीचे एक नेहमीचे कारण स्वार स्वतःच निर्माण करतो: टाच मारून पुढे जाण्यास सांगायचे आणि त्याच क्षणी दोन्ही लगाम आवळून थांबण्यासही सांगायचे. पुढे वाट बंद, मागून मार, अशा कोंडीत सापडलेल्या जनावराला वर जाण्यावाचून मार्ग उरत नाही.

पाठीवरून सुधारण्याच्या मार्गात स्वार हा क्षण आधीच ओळखतो. मागच्या पायांची चाल आखूड होते, पाठ ताठ होते, कान मागे जातात आणि लगामावरचे वजन एकाएकी नाहीसे होते. तेवढ्यात एका बाजूचा लगाम खाली आणि बाहेर नेऊन घोड्याचे तोंड वळवायचे, त्याच बाजूच्या टाचेने मागचा भाग सरकवायचा आणि तो हलताच लगाम सैल सोडून पुढे काढायचे. घोडा वर गेलेलाच असेल, तर मात्र लगामाला हात लावायचा नाही. पुढे झुकून मान किंवा आयाळ धरायची आणि त्याला खाली येऊ द्यायचे. वर गेलेल्या घोड्याचा एक लगाम ओढला तरी त्याचा तोल जातो, आणि तो मागे उलटला तर काही क्विंटलांचे अंग स्वारावर येते. घोड्याचे डोके जमिनीवर आपटल्यास कवटीच्या तळाचे हाड मोडून तोही दगावू शकतो. या पद्धतीचा गुण असा की खोड जिथे होते तिथेच ती सुटते आणि कुशल स्वाराच्या हाताखाली फरक लवकर दिसतो. दोष असा की सारा खेळ क्षणाच्या अचूकतेवर चालतो, आणि तोल सावरण्यासाठी लगामाचा आधार घेणाऱ्या स्वाराला ती अचूकता साधत नाही. घरातला धाडसी मुलगा आणि कुशल स्वार यांत फार अंतर आहे.

जमिनीवरच्या शिकवणीत पाठीवर कोणी नसते, म्हणून चुकीची किंमत कमी पडते. घोड्याला साधी म्होरकी आणि सात-आठ मीटरचा दोर लावून गोलाकार चालवायचे, आणि शिकवणाऱ्याने खांद्याच्या मागच्या रेषेत उभे राहायचे. समोर कधीही नाही, कारण पुढचे खूर तिथेच येतात. दोर हाताला गुंडाळायचा नाही, हातमोजे आणि हेल्मेट घालायचे. ‘चल’ म्हटल्यावर घोडा लगेच पाऊल टाकतो का, आणि बरगडीपाशी चाबकाची मूठ टेकवताच मागचा पाय आडवा टाकून बाजूला सरकतो का, एवढेच सुरुवातीला पाहायचे. सरकला की दाब तत्काळ काढायचा. हे पक्के झाल्यावर खोगीर, मग कडियाळी आणि शेवटी दोरावरच असताना हलका स्वार, असा क्रम ठेवायचा. या मार्गाला आठवडे लागतात आणि कंटाळाही येतो. शिवाय जमिनीवर शहाणा झालेला घोडा स्वार बसताच पुन्हा उभा राहिला, तर दोष खोगिरात, पाठीत किंवा स्वाराच्या हातात आहे, असे धरून तपासणी नव्याने करावी लागते. माझ्या दृष्टीने हा या पद्धतीचा लाभच आहे.

जागेचा विचार खानदेशात विशेष करावा लागतो. पावसाळ्यात काळ्या मातीवर मागचे पाय घसरतात, उन्हाळ्यात त्याच मातीला पडलेल्या भेगांत खूर अडकतो. नांगरून वखरलेले कोरडे रान दोन्ही पद्धतींना उत्तम. डांबरी रस्ता दोन्हींना वर्ज्य.

तिसऱ्या सल्ल्याविषयी थोडक्यात. काटेरी कडियाळीने दुखणे वाढते आणि वर जाण्याचे कारणही वाढते. शिवाय १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तिचा वापर निषिद्ध आहे. डोक्यावर काठी मारणे किंवा घोडा मुद्दाम मागे पाडणे, हे उपाय आजही सुचवले जातात याचे मला मनापासून दुःख होते.

एका घोड्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. लग्नाच्या वरातीत नाचवलेल्या घोड्याला पाय उचलणे मुद्दाम शिकवलेले असते. लगाम वर उचलला किंवा ढोल वाजला की तो आपले काम प्रामाणिकपणे करतो. खरेदीपूर्वी त्याचे ओठ उघडून कोपऱ्यांवर पांढरट वण आहेत का, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या हिरडीवर गाठी आहेत का आणि जीभ कुठे कापलेली आहे का, हे पाहावे. अशा घोड्याला शिक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याच्यासाठी जमिनीवरचा मार्ग हाच एक मार्ग आहे, आणि तोही मालकाने लग्नसराईतील उत्पन्न सोडले तरच. वैशाखात नाचवायचे आणि आषाढात त्याच सवयीबद्दल मारायचे, हे जनावराला समजणार नाही.

चाबुकस्वाराकडे, म्हणजे घोडे शिकवणाऱ्याकडे, घोडा सोपवायचा असल्यास त्याचे सामान आधी पाहावे. कडियाळी जाड आणि गुळगुळीत असेल, त्याने दातांची चौकशी केली असेल आणि पहिल्या दिवशी पाठीवर बसण्याची घाई केली नसेल, तर घोडा त्याच्याकडे ठेवावा. मात्र शेवटच्या आठवड्यात मालकाने स्वतः जाऊन लगाम कुठे सोडायचा हे त्याच्या देखरेखीखाली हाताने शिकून घ्यावे, कारण घरी आल्यावर घोड्यावर बसणार आहे तो मालकच.